गाड्या होत्या तेव्हाच बरं होतं

प्रिय मास्तर,

एवढं लिहिलं आणि तिथेच अडलो. पुढे 'तू' लिहायचं की 'तुम्ही', या विचारात चहाचा अख्खा कप गार झाला. सव्वीस वर्षं आपण रस्त्याच्या दोन बाजूंना बसून एकमेकांशी हातवारे करत आलो, आणि हातवाऱ्यांत तू-तुम्ही नसतं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. शेवटी 'तू'च लिहितोय. राग येईल म्हणशील, तर तो आधीच आलेला आहे. त्यात थोडी भर पडली तरी तुला वेगळी कळायची नाही.

पत्र पोस्टाने आलं म्हणून हसू नकोस. माझ्या पायरीपासून तुझ्या पायरीपर्यंत एकोणीस पावलं आहेत. मी स्वतः चाललो नाही, समोरून आडव्या गेलेल्या एका बाईंची काउंटरमागे बसून मोजली. पण गेले सात आठवडे तुझ्या काचेवर तो जाड निळा पडदा आहे, आणि पडद्यावर काय थाप मारायची! म्हणून हे पत्र आधी मोठ्या पोस्टात जाईल, तिथे शिक्का खाईल आणि दोन दिवसांनी पुन्हा याच रस्त्यावर येईल. पोस्टमन दोन्ही पत्ते वाचून मला वेड्यात काढणार, काढू दे. पडदा मात्र काय शिवलायस रे! चुण्या सगळ्या एका मापाच्या. माणूस भांडणात निदान शिलाई तरी वाकडी मारतो.

आपला रस्ता बंद झाला त्या दिवसाची आठवण काढतो, कारण सगळं तिथूनच बिघडलं. पालिकेने सहा महिने करून बघू म्हणत सगळ्या गाड्यांना बंदी केली आणि मधला लोखंडी कठडा कापून नेला, तेव्हा व्यापारी मंडळात आपण दोघंही विरोधात होतो. बूटवाल्याने तर भाषणात सांगितलं की गिऱ्हाईक चालत येणार असेल तर ते येणारच नाही. (हे बूट विकणाऱ्या माणसाने म्हणावं!) पहिल्या सकाळी रस्ता इतका मोकळा होता की लोकांना काय करावं ते सुचेना. सगळे फुटपाथवरच एकमेकांना ढकलत चालले होते. एक गृहस्थ कडेला उभे राहून उजवीकडे बघत, डावीकडे बघत, पुन्हा उजवीकडे बघत आणि मग धावत सुटत. कोपऱ्यावरच्या ट्रॅफिक हवालदाराला बदलीचा कागद आला नव्हता, म्हणून तो दिवसभर तिथेच उभा राहून माणसांना थांबवत आणि सोडत होता. माणसं थांबतही होती.

आणि शांतता! तुझ्या मशीनचा आवाज मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, आता काय, आता मजा. इतकी वर्षं हॉर्नच्या आवाजात नुसते हात हलवले, आता पोटभर बोलू. मी पायरीवर आलो आणि ओरडलो, "काय रे मास्तर, कसा आहेस?" तू तोंडातल्या टाचण्या काढल्यास, उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "नमस्कार डॉक्टर. आपण कसे आहात?"

माझा चेहरा पडला. तुझाही पडला, ते मला लांबचं चांगलं दिसत असल्यामुळे स्पष्ट दिसलं. मला वाटलं, सव्वीस वर्षांच्या दोस्ताला मी 'आपण' कधी झालो? तुला वाटलं असणार, हा चष्मेवाला एवढा अंगचटीला कधीपासून आला? नुसते नंबर काढणाऱ्या माणसाला सगळी गल्ली डॉक्टर म्हणते ती थट्टेने. तू ते मनापासून म्हणतोस हे मला त्या दिवशी कळलं.

तरी आपण रेटलं. रोज दुपारी तू एक स्टूल बाहेर काढायचास, मी एक काढायचो, आणि रस्त्याच्या मधोमध, जिथे पूर्वी कठडा होता तिथे, आपण दोन प्रतिष्ठित माणसांसारखे बसायचो. तिथेच एकेक भानगड बाहेर यायला लागली. मी रोज सकाळी दोन्ही हातांची बोटं गोल करून डोळ्यांना लावायचो. तुला वाटायचं, हा विचारतोय, सगळं ठीक ना? तू मान डोलवायचास. अरे, मी सांगत होतो की दोरा सुईत घालायला तू तो नाकाला लावतोस, डोळे तपासून घे! सव्वीस वर्षं मी एका माणसाला चष्मा लागलाय म्हणून ओरडतोय आणि तो मला रोज 'मजेत' म्हणून कळवतोय.

माझंही तसंच. तू टेप हवेत धरून पोटाभोवती फिरवून दाखवायचास. मी समजायचो की मी सुटलोय म्हणून चिडवतोयस. मीही पोटावर थाप मारून दाद द्यायचो. आणि तू मधोमधच्या त्या स्टुलावर बसून मला शांतपणे सांगितलंस की अकरा वर्षांपूर्वी कापड आणि मापाची जुनी पॅन्ट पोऱ्याबरोबर पाठवून शिवायला टाकलेली माझी करडी पॅन्ट तयार आहे, न्यायला या, एवढंच तुझं म्हणणं होतं. म्हणजे अकरा वर्षं तू मला पॅन्ट न्यायला बोलावत होतास आणि मी तुला पोट वाजवून दाखवत होतो. तू कपाट उघडून ती दाखवलीस. शिवलेला काठ अंगठ्याने सारखा करून पुन्हा टांगलीस. ती आता माझ्या एका पायात जेमतेम जाईल.

इथपर्यंत आपण हसलो. निदान मी हसलो. तू "गैरसमज झाला, क्षमा असावी" म्हणालास.

मग तो बोर्डाचा दिवस आला. मला आता त्याबद्दल लिहायचंय आणि मी गेल्या दोन पानांत त्याला वळसे घालतोय.

तुला आठवतं का, माझ्या दुकानावरचा तो बोर्ड हिने लावून घेतला होता. तुझं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. ही पदर खोचून भर रस्त्यात उभी राहिली, दोन्ही हात पसरून गाड्या अडवल्या आणि वरच्या फिटरला सांगत राहिली, डावीकडून वर घे, अजून वर, अरे वाकडा आहे! मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एका बसवाल्याने तर इंजिन बंद करून टाळ्या वाजवल्या. ही हलली नाही. तू पायरीवर उभा राहून अंगठा दाखवलास, की आता सरळ आहे. आपली ओळख त्या अंगठ्यापासूनची.

ही गेली त्याला आता सात वर्षं झाली. तू आला होतास घरी. दाराजवळच्या कोपऱ्यात उभा राहिलास आणि एक शब्द न बोलता निघून गेलास. मी दुकान पुन्हा उघडलं, पण बसवत नव्हतं. विशेषतः चार वाजता. ही रोज चारला चहाचा थर्मास घेऊन यायची, आणि ती गेल्यावरही चार वाजले की माझे डोळे आपोआप दाराकडे जायचे. दारात कोणी नसायचं. पण दाराच्या पलीकडे, गाड्यांच्या वरून, तू दिसायचास. मशीन थांबवून उभा राहायचास, उजवा हात वर करायचास आणि हळूहळू खाली आणायचास. मी त्याचा अर्थ लावला: बस, मी आहे इथे. आणि मी बसायचो. रोज, जवळजवळ वर्षभर. मास्तर, नातेवाइकांनी मला पुष्कळ काही सांगितलं, त्यातलं एक वाक्य आठवत नाही. तुझा तो हात आठवतो.

म्हणून त्या दुपारी मी मोकळ्या मनाने तुझे आभार मानले. आणि तू लालबुंद झालास, टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळलीस आणि म्हणालास की नाही हो डॉक्टर, तसं काही नव्हतं. तुमचा बोर्ड सैल झाला होता, खाली येईल असं वाटत होतं, तेवढंच दाखवत होतो.

 त्यावर मी काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो की म्हणजे वर्षभर मी एका पत्र्याच्या बोर्डावर जगत होतो का? आणि वर म्हणालो, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा गाड्या होत्या तेव्हाच बरं होतं." तू स्टूल उचललंस, पायरी चढलास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा लागला होता.

त्यानंतरच्या बातम्या तुला पडद्याआडून कळल्या नसतील, म्हणून सांगतो. हवालदाराची बदली झाली. जाताना तो रिकाम्या चौकाला सलाम करून गेला. बूटवाल्याची विक्री इतकी वाढली आहे की तो आता रस्ता आपणच बंद करवला असं सांगत फिरतो. आपण स्टुलं टाकायचो तिथे पालिकेने बाक ठेवलाय. त्यावर रोज दोन म्हातारे बसतात आणि काहीही बोलत नाहीत. मला त्यांचा फार हेवा वाटतो.

आणि पालिकेचा फॉर्म तुलाही आला असेल. सहा महिने संपत आले, आता दुकानदारांनी लिहून द्यायचंय, रस्ता असाच बंद ठेवावा की गाड्या परत याव्यात, आणि खाली 'कारण' लिहायला तीन ओळी. मी तो आला त्याच संध्याकाळी रागात भरून टाकला. लिहिलं: गाड्या परत याव्यात. कारण: समोरच्याचं बोलणं ऐकू येतं. खोटं नाही सांगत, मला खरंच तसं वाटत होतं. ऐकू येत नव्हतं तेव्हा माझा एक दोस्त होता. ऐकू यायला लागलं आणि समोर एक सभ्य गृहस्थ निघाला.

फॉर्म द्यायचा राहिला तो केवळ आळसाने. आणि गुरुवारी पालिकेने आणखी एक माणूस पाठवला. आता लोक बोर्डांखालून चालतात, म्हणून सगळ्या दुकानांचे बोर्ड मजबूत आहेत का ते बघायला. मी त्याला म्हटलं की माझा नीट बघ, सात वर्षांपूर्वीच पडायला आला होता, माझ्याकडे साक्षीदार आहे. त्याने शिडी लावली, हातोड्याने चारी कोपरे ठोकले, लोंबकळून पाहिलं. मग खाली उतरला आणि मला म्हणाला की काका, कुणी सांगितलं तुम्हाला? याचे बोल्ट थेट तुळईत आहेत, नटांवरचा पहिला रंगसुद्धा तडकलेला नाही. बसवला तेव्हापासून हा केसभर हललेला नाही, उद्या इमारत पडेल पण बोर्ड पडायचा नाही. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. त्याने सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं.

तेव्हा मास्तर, हे पत्र एवढ्यासाठी, की तू माझ्याशी खोटं बोललास आणि ते मला सापडलंय. बोर्ड पडायला आला असता तर तो सकाळीही दिसला असता. रोज बरोबर चार वाजताच, आणि तेही वर्षभर, कुठला बोर्ड पडत नाही. हिचा थर्मास यायची वेळ तू समोरून इतकी वर्षं बघत होतास. घरी येऊन तुला एक शब्द बोलता आला नाही तो तू रोज हाताने बोललास, आणि मी तोंडावर आभार मानले तेव्हा लाजून त्या बिचाऱ्या बोर्डामागे लपलास. आणि मी, दुसऱ्यांना दिसत नाही ते दाखवण्याचा धंदा करणारा माणूस, तुझं लाल झालेलं तोंड समोर असूनही फसलो. मी बोललो ते वाईट बोललो. माफ कर. पत्र मिळेल त्या दिवशी चार वाजता मी पायरीवर उभा असेन. पडदा बाजूला कर. बोलू नकोस, तुला जमत नाही. मीही बोलणार नाही, मला आवरत नाही. नुसता हात वर कर आणि हळूहळू खाली आण. मग मी एकोणीस पावलं चालून पॅन्ट घ्यायला येतो, आणि तू मुकाट्याने माझ्याबरोबर येऊन डोळे तपासून घ्यायचेस. फॉर्म मी आज दुरुस्त केलाय. 'गाड्या परत याव्यात' खोडून वर लिहिलं आहे, 'रस्ता असाच राहू द्यावा'. कारण मात्र बदलावं लागलं नाही. तेच ठेवलंय.

तुझाच (हे विचार करून लिहिलंय, 'आपला' लिहिणार नाही),
समोरचा चष्मेवाला