तिकिटावरचं चौथं नाव

प्रिय एकार्ट,

सगळ्यांत आधी येऊन बसली ती शेजारची लीनर्टबाई. शुक्रवारी तुझी मुलं येणार हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला खिडकीतून माझे उकडलेले बटाटे दिसले असणार. "एकटीला इतके बटाट्याचे गोळे लागतात होय गं?" असं म्हणत तिने खुर्ची ओढली ती चार वाजेपर्यंत सोडली नाही. दीड वाजता फेरेना आली, मागून क्विरिन, आणि त्याच्या पाठीआड त्याची ती सेल्मा. पोरगी गोड आहे, पण केस असे कापलेत की लीनर्टबाई माझ्या कानात म्हणाली, आजारातून उठलीय का.

पाच वर्षांनी तुझ्या घरचं कोणी माझ्या टेबलाशी बसलं. मी इतकी खुशीत होते की रस्स्यात मीठ दोनदा पडलं. कोणी चकार शब्द काढला नाही, तिघांनी मुकाट्याने पाणी पीत पीत खाल्लं. कुठे गप्प बसावं हे त्या मुलांना कळतं. हे त्यांनी कुणाकडून घेतलं माहीत नाही, माझ्याकडून तर नक्कीच नाही. तुझं विचारलं तर क्विरिन म्हणाला, बाबांना काम आहे. म्हटलं, असेल.

मग तो तिकिटाचं कौतुक सांगत बसला. एकच तिकीट, अख्ख्या बव्हेरियात दिवसभर, पाच माणसांपर्यंत. मात्र साध्या गाड्यांनीच जायचं, न्यूर्नबर्गला बदला, मार्क्टरेडविट्झला बदला. माणसं जितकी जास्त तितकं ते प्रत्येकाला स्वस्त पडतं, म्हणून लोक फलाटावर अनोळखी बाईलासुद्धा विचारतात, येता का आमच्या तिकिटावर. आणि प्रत्येकाचं नाव त्यावर पेनाने लिहायचं असा नियम. "आमच्या तिघांकडे एक पेन नाही, ओमा, आणि तिकीट तपासणारा डोक्यावर उभा," म्हणून तो हसत सुटला. मी विचारलं, मग लिहिलं कशाने? तर फेरेनाने त्याला टेबलाखालून लाथ मारली. माझा कप हलला म्हणून मला कळलं.

सेल्मा बिचारी मध्येच सांगायला लागली की आठवड्याच्या दिवशी हे तिकीट सकाळी नऊनंतरच चालतं, म्हणून यायला दीड वाजला. आणि अर्ध्यावर थांबली. क्विरिनने तिच्याकडे पाहिलं होतं. म्हणजे नव्या पोरीलाही ती गोष्ट सांगून झालीय.

तुझे वडील गेले तो मंगळवार होता. दवाखान्यातून मी तुला सहा वाजता फोन केला. तू नऊ वाजायची वाट पाहिलीस आणि दीडला पोचलास. ते अकराला गेले. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला चाळीस माणसं होती, आणि त्या सगळ्यांदेखत मी म्हणाले, "एकार्टने तिकिटाचे पैसे वाचवले, बापानेच जरा दम धरायला हवा होता." लीनर्टबाईने चमचा खाली ठेवलेला मला आठवतो. लोकांना वाटलं, दुःखात तोंडून निघून गेलं. निघून गेलं नव्हतं. ते मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं, बटाटे सोलताना.

शुक्रवारी भांडी पुसताना फेरेना म्हणाली, त्या वेळी बाबांची नोकरी जाऊन महिना झाला होता, घरात कोणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, बशी नीट पूस, कडेला ओली राहिलीय.

निघताना ती म्हणाली, "ओमा, अजून दोन गोळे बांधून दे ना, वाटेत लागतील." तीन माणसांना दोन गोळे. खसखशीच्या केकचाही एकच तुकडा मागितला. मी कोट घालायला घेतला, स्टेशनपर्यंत येते म्हटलं, तर तिघं एका सुरात म्हणाली, नको. क्विरिन म्हणतो, तुझे गुडघे. सेल्मा म्हणते, बाहेर गार आहे. त्या पोरीला माझ्या गुडघ्यांची काय माहिती.

आता हे पत्र का लिहायला बसले ते सांगते. तिघं कोट चढवत होती तेव्हा तिकीट बशीखालीच राहिलं होतं. मी चष्मा लावला. युद्धानंतर सीमेपलीकडून आम्हा जर्मनांना हाकललं तेव्हा मी आठ वर्षांची होते, पुढे शाळा नशिबात आली नाही. चिनीमातीच्या कारखान्यात कपांना सोनेरी कडा काढायचे, तिथे हात हलायचा नाही, पण सही म्हटलं की घाम फुटायचा. तू पहिलीत गेलास आणि तुझ्या वहीवरून मी गिरवायला शिकले. तुझ्या नावातल्या शेवटच्या 'टी' अक्षराची आडवी रेघ तू लांब ओढत नेतोस, बाई रागवायच्या, तरी नेतोस. माझीही तशीच जाते. तिकिटावर चार नावं होती, चारही तुझ्याच हातची, आणि चौथं तुझं. माझं घर स्टेशनवरून चढाने बारा मिनिटं. स्टेशनातली बसायची खोली केव्हाच बंद झाली, म्हणजे तू अडीच तास बाहेरच्या बाकावर बसलास. तुला विचारलं तर म्हणशील, तिकिटात जागा रिकामीच होती. क्षणभर वाटलं, ते एप्रनच्या खिशात टाकावं, मग चौघंही इथेच अडकाल. पण दिलं फेरेनाच्या हातात. गोळे गरम होते का पोचले तेव्हा? माफी मला लिहिता येत नाही, तुझ्या वहीत तो शब्द आला नव्हता. बाक मात्र मी काल जाऊन पाहून आले, गुडघ्यांसकट. शनिवारी त्या तिकिटाला नऊची अट नसते, म्हणून फेरेना जाताना म्हणालीय की पुढच्या वेळी सहाची गाडी धरून अकराच्या आत येतील. सत्तावीस नोव्हेंबर, शनिवार. मी पाच बशा मांडीन.

तुझीच,
आई