पान फोडायचं नाही

सोमवार, दि. ४

आले बाई एकदाची! बसमधून उतरते न उतरते तोच ठकीनं अशी मिठी मारली की माझा चष्मा तिच्या केसांत अडकला. ड्रायव्हर म्हणाला, आजीबाई, आधी बाजूला व्हा, मग काय ते लाड करा. मेल्याला आजी नसेल.

ठकी माझी नात, लेकीची लेक. खरं नाव मोठं भारदस्त आहे, पण माझ्या तोंडी ठकीच. तिची आई नोकरीला जायची तेव्हा मीच तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. आता माझे गुडघे कुरकुरायला लागले तशी म्हणाली, आज्जी, एकटी कशाला राहतेस, माझ्याकडे ये.

घर छान आहे. पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघराला लागून मागे काचेची खोली. ठकी नोकरी करते त्या संस्थेनं तिला कामासाठी दिलीय. आत दमट ऊब असते. माझ्या सांध्यांना तिथंच बरं वाटतं. वही ठकीनंच दिली, वेळ जायला. माझी शाळा चौथीत सुटली, चुका होणारच. पण वाचणारी मीच, तर लाजायचं कुणाला?

बुधवार, दि. ६

ठकी काय करते ते आज कळलं. माशा पाळते! लोक माशा हाकलतात, ही मधाच्या पाण्यात बुडवलेला कापूस ठेवून त्यांना जेवायला घालते. तिळाएवढ्या माशा, पिवळ्या डोक्याच्या. बरण्यांच्या तोंडाला पातळ फडकं बांधलेलं.

ही माशी पानाच्या कातडीखाली अंडं घालते. अळी आतल्याआत पान पोखरत जाते. वरची कातडी शाबूत, खालची शाबूत, मधला गर खल्लास. पानावर पांढरी नागमोडी रेघ उमटते, आधी केसासारखी बारीक, पुढे रुंद. अळी मोठी होते ना. आतच कोश करते आणि माशी होऊन बाहेर पडते. ठकी म्हणते ही जात कुणीच पाहिलेली नाही, ती पहिलीच. माझी ठकी!

एकच ताकीद दिली. पान फोडायचं नाही. किती का उत्सुकता असेना, टोकरलं की अळी मेली. ती आपण होऊन बाहेर येऊ द्यायची.

आणि हवा आहे नर. नराच्या शेपटाकडचा भाग भिंगाखाली बघितल्याशिवाय जात ठरत नाही म्हणे. आजवर निघाल्या त्या सगळ्या माद्या. असल्या माशांच्या बाकीच्या जातींत मादी पानाला टोचते, रस काढते, आणि नर तिनं पाडलेल्या भोकातून आयता पितो. मी म्हटलं, म्हणजे अगदी तुझ्या आजोबांसारखा. ठकी हसून हसून खाली बसली.

शनिवार, दि. ९

ठकीच्या वरिष्ठ बाई आल्या होत्या. चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, नर नाही तर जात नाही, आणि जात नाही तर ही खोली दुसऱ्या कुणाला देऊ. इतकी वर्षं घातली पोरीनं.

वर त्या माशीचं झाडही वाळलं. लवदार, मऊ पानांचं होतं, माझ्या गालासारखं. दुसऱ्या कुठल्या पानाला माशा शिवत नाहीत. ठकी जेवली नाही. मी विचारलं, अगं, नराशिवाय या अंडी कशी घालतात? नसेलच यांच्यात नर. असं चिडली माझ्यावर! कधी चिडत नाही.

मंगळवार, दि. १२

ठकी झाड शोधायला गेलीय. बरणीत डोकावले तर माशा मलूल बसलेल्या. कापूस पार सुकलेला. मला राहवेना. मुक्या जिवाला हातानं भरवावं, मी वासरं भरवलीत, चिमण्या भरवल्यात. डाव्या मनगटाला मध लावला, फडकं जरा सैल केलं आणि हात आत घातला. आल्या की सगळ्या! टोचतात, पण लगेच तिथलं बधिर होतं. कशा चटचट पीत होत्या. पोट भरलेलं लेकरू बघताना वाटतं तसं वाटलं.

ठकीला सांगितलं नाही. फडकं सोडलं म्हणून ओरडायची.

रविवार, दि. १७

मनगटावर पांढरी रेघ. केसाएवढी. वाटलं, ओरखडा. आज बघते तर कोपराकडे वळलीय, आणि शेजारी दुसरी.

तापल्या किटलीला हात लागला ते भाजल्याचा वास आल्यावर कळलं. दुखलं नाही.

मला हसूच आलं आधी. म्हातारीची कातडी, पानाहून वेगळी ती काय! मग वाटलं, आता भीती वाटेल. स्टुलावर बसून वाट बघितली. आली नाही. मग भाजी चिरली.

गुरुवार, दि. २१

उकाड्यात स्वेटर कशाला म्हणून ठकीनं बाही वर सरकवली. किंचाळली. रडली. डॉक्टरांना फोन लावायला घेतला. मी म्हटलं, डॉक्टर कापणार. तूच म्हणालीस ना, पान फोडायचं नाही. यातला एखादा नर असला तर?

तिनं फोन खाली ठेवला.

मग भिंग आणलं. हलू नकोस, म्हणाली. माझ्या हातावर इतकी वाकली की तिचा श्वास भिंगावर दिसत होता, हाताला लागत नव्हता. लहानपणी माझ्या मांडीवर अशीच वाकून मुंग्या बघायची.

रविवार, दि. २४

काचेच्या खोलीत माझी खाट आणलीय. दमट बरं असतं म्हणाली. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, विचारलं नाही. हाताला ओलं फडकं. दंडापर्यंत काही लागत नाही. चिमटा काढला तरी दुसऱ्याचा हात.

पहिली बाहेर आली. मादी.

मंगळवार, दि. २६

आज मीच म्हणाले, ठके, डॉक्टरांना बोलव गं. भीती नाही, पण बोलव.

उद्या, म्हणाली.

अजून दोन निघाल्या. माद्या.

बुधवार

उद्या म्हणाली. दरवाजा ओढून घेतलाय, माशा जाऊ नयेत म्हणून. मला उठून बघायचं होतं, आतून उघडतो का. पाय चांगले आहेत. उठले नाही. का ते —

चहा घशाखाली गेला की नाही कळत नाही. कपात बघायचं, कमी झाला तर गेला.

शुक्रवार

डावा हात पांढरा. नक्षीच नक्षी. धरला उजेडाकडे तर आरपार —

छान दिसतो. खोटं कशाला लिहू.

एकच कोश उरलाय. कोपराशी. ठकी जेवत नाही, समोर बसून असते. तिला म्हटलं जेव. मी बोलले की नुसतं मनात —

रविवार

निघाली. ठकीनं भिंगाखाली धरली. मी विचारलं, नर ना गं? मादी, म्हणाली.

वाटलं आता रडेल. जवळ घ्यायला एक हात आहे अजून, म्हटलं.

रडली नाही. मधाची बाटली घेऊन खाटेवर बसली. केस सारखे केले माझे. असू दे आज्जी, म्हणाली, पुढच्या खेपेला नक्की. पेन ठेव जरा. हा हात दे. उज