खरकटं पाणी

आई, तुझा मुलगा या वयात बाहुल्या रंगवतो. ऐकून तू कपाळावर हात मारशील. बाहुल्या म्हणजे बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक. टेबलावर मांडून त्यांच्या लढाया खेळतात, आणि खेळणारी माणसं चांगली दाढीमिशा आलेली असतात. हा नाद तुझ्या नातीचा. तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती, म्हणून तुला काही माहीत नाही. ती बंगळूरला नोकरीला होती. ठरलेलं लग्न मोडलं, तशी नोकरी सोडून घरी आली आणि खोलीत जाऊन बसली. जेवायला हाक मारली की येते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. तिची आई म्हणाली, "तिला एकटं सोडा जरा." मला ते जमेना. घर इतकं गप्प झालं की माझा जीव घाबरा व्हायचा. संध्याकाळी तेवढी ती ब्रश घेऊन बाहेरच्या टेबलाशी बसायची. एक दिवस मी म्हटलं, मलाही शिकव की. तिने एक सैनिक माझ्यापुढे सरकवला.

त्याला चिलखत होतं, म्हणून मी बुधवार पेठेत जाऊन चंदेरी रंग मागितला. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "गेटला की मखराला?" म्हटलं, सैनिकाला. "अरे वा, सीमेवर पाठवताय?" म्हणत त्याने एक डबी पुढे केली. मी रंग चांगला जाड थापला. चिलखताच्या कड्या, पट्टे, सगळं बुजून गेलं आणि गडी पत्र्याच्या पिंपात उभा असल्यासारखा दिसायला लागला. "बाबा, हा गेटचा रंग आहे," तुझी नात म्हणाली. त्या आठवड्यातलं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग तिने थोडं थोडं शिकवलं. आधी काळ्या रंगाचा एक हात, वाळला की पातळ चंदेरीचे दोन. त्यावर पाण्यासारखा काळपट रंग सोडायचा, तो आपोआप खाचांत जाऊन बसतो, आणि शेवटी नुसत्या कडांना उजळ चांदी. माझं चिलखत तरीही खेळण्यातलंच दिसे, कारण खाचेतलं काळं मी घाण समजून पुसून टाकायचो. एकदा सहज देवघरातल्या तुझ्या समईकडे नजर गेली आणि डोळ्यांपुढे आलं: खडकीच्या क्वार्टरमध्ये तू समई चिंचेने घासायला बसलीयस, आणि मी म्हणतोय, आई, खाचेत काळं राहिलं. तू म्हणतेस, "राहू दे. ते काढलं तर नक्षी कशाने दिसणार, तुझ्या अकलेने?" तीच समई आणून मी टेबलावर ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा माझं लोखंड लोखंडासारखं दिसलं. तिने सैनिक उजेडात धरून पाहिला आणि "हं" म्हणाली.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. तिने एक सेनापती रंगवली होती, बाईच. तुरीच्या डाळीएवढा चेहरा, पण नजर अशी करारी की बघत राहावं. घरी आल्यापासून तिने पुरं केलेलं ते पहिलं काम. रविवारी ती सेनापती मित्रमंडळींकडे खेळायला न्यायची होती, म्हणजे मुलगी घराबाहेर पडणार होती. शनिवारी ती गालांवरून शेवटचा हात फिरवत होती आणि मी शेजारी चिलखत करत होतो. ब्रश बुडवायला पेला एकच. वाळल्यावर बघतो तर सेनापतीच्या तोंडावर चांदीची चकचक, जत्रेतल्या सोंगासारखी! माझ्या ब्रशची चमक पाण्यात उतरून तिच्या रंगात गेली होती. तिने हातातला ब्रश खाली ठेवला. आता ही उठणार, खोलीत जाणार आणि दार लावणार, मला दिसतच होतं. तेवढ्यात माझ्या तोंडून तुझ्याच आवाजात निघालं, "अगं, पाणी खरकटं झालं की!"

"काय झालं?"

"खरकटं."

"पाणी?" म्हणाली, आणि उठायची थांबली.

मग मी तिला तुझं सगळं सांगितलं. जेवताना तहान लागली की मी भाताचा हात तसाच हंड्यात घालायचो आणि तू ओरडायचीस, "घाल, कोपरापर्यंत घाल! आंघोळच उरक त्यात!" बाबांची फॅक्टरीत रात्रपाळी असली की घरात आपण दोघंच, आणि तू तर मुलखाची अबोल. पण खरकट्यावरची तुझी बोलणी चालू झाली की भांडी आपटेपर्यंत चालायची. मी तुझी नक्कल करून दाखवली. ती हसली, आई. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, मग थोडी रडलीसुद्धा, आणि चेहरा खरवडून पुन्हा रंगवायला बसली. रविवारी सेनापती खेळायला गेली. आता टेबलावर स्टीलचे दोन पेले असतात. एकावर तिने मार्करने लिहिलंय 'सोवळं', दुसऱ्यावर 'खरकटं'.

हे पत्र टाकायचं कुठे? उद्या टेबलावर रंगाखाली अंथरेन. एवढंच सांगतो, अधूनमधून मी चंदेरी ब्रश मुद्दाम सोवळ्या पेल्यात बुडवतो. "बाबा! घाल, कोपरापर्यंत घाल!" ती ओरडते, आणि मग अर्धा तास बोलत राहते. लहानपणी हंड्यात हात घालायचो तेही, आई, दर वेळी चुकून नव्हतं.