मिशीवाली मावशी

ताई, तुला नमस्कार आणि छोटीला एक पापा.

मी बरा आहे. खिडकी असलेली खोली मिळाली, जेवणही पोटभर होतं. तुझी कंबर कशी आहे? पाण्याच्या बादल्या भावोजींना उचलायला लाव, त्यांचे हात काही झिजत नाहीत.

काल मात्र डोकं फिरलं. वॉर्डात एका आजोबांचं घाणीनं भरलेलं अंथरूण बदलत होतो. त्यांचा मुलगा नाकाला रुमाल लावून दारातच उभा. "जरा खांद्याला धरा, कुशीवर वळवू," म्हटलं, तर शेजारच्या मित्राला म्हणतो, "हे बायकांचं काम. ही बघ, मिशीवाली मावशी." दोघं फिदीफिदी हसले. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. स्वतःच्या बापाला हात लावायला याचा पुरुषपणा आडवा येतो.

ताई, घाणीची मला कधी शिसारी आली नाही. हात धुतले की ती गेली. ते हसणं मात्र अजून अंगाला चिकटलंय.

आणि खरं सांगू? शेजारणीला तू 'भाऊ हॉस्पिटलात ऑफिसला असतो' म्हणालीस, हे तुझ्याच पत्रात वाचलं. तेही तसंच चिकटलं.

पुन्हा कुणी विचारलं तर सांग, आजारी माणसांना पुसतो, भरवतो. जमत नसेल तर गप्प बस. पण छोटीला खोटं सांगू नकोस. आपल्याला मावशी नाही म्हणून ती रुसते ना? तिला सांग, एक आहे. मिशीवाली.

तुझा धाकटा