राणी बदलायची होती त्या दिवशी

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मधपेटीचं झाकण उचलताना अजून वाटतं, तुम्ही मागं उभ्या आहात अन् माझा हात बघून राहिलात.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती ती. वर्ध्याकडून आलेल्या एका माणसाकडून तुम्ही पेटीचं काम शिकलात, अन् डोंगरकड्याच्या मळ्यात चिंचेखाली सहा पेट्या मांडल्यात. सातेरी माशी मोठी रुसकी. फुलोरा सरला, पाणी आटलं की घर सोडून उडून जाते. म्हणून जी पेटी उन्हाळाभर टिकायची, भरून मध द्यायची, तिच्यातलंच नवी राणी वाढत असलेलं शेंगेएवढं राणीघर तुम्ही चाकूनं हलकेच कापायच्या अन् जोम नसलेल्या पेटीत नेऊन डकवायच्या. त्याआधी तिथली जुनी राणी मारावी लागे. ती तुम्ही चिमटीत मारायच्या अन् हात पदराला पुसायच्या.

तुमच्या लेकाशी लग्न होऊन मला पाच वर्षं झाली होती, अन् कूस रिकामी होती. वारंग्याहून तुमचे भाऊ येऊन ओसरीवर बसले, तो दिवस मला लख्ख आठवतो. तुमच्या लेकासाठी दुसरी पोरगी त्यांनी बघून ठेवली होती. तुम्ही "बसा दादा, पेट्या बघून येते," म्हणालात अन् मला सोबत घेतलंत.

चौथी पेटी उघडलीत. "अंडी बघ कशी विरळ हायेत. काढ हिची राणी."

मी पोळ्याची चौकट उजेडात धरते. राणी दिसते, लांबट, काळपट, माश्यांच्या गराड्यातून चाललेली. मी नजर दुसरीकडं वळवते. "न्हाई दिसत," मी म्हणते.

"समोर तर हाय. काहून खोटं बोलून राहिलीस?"

तुम्ही तिला मारलंत. मला रडू फुटलं. तुम्ही एकवार माझ्याकडे बघितलंत अन् नवं राणीघर डकवण्यात गुंतलात.

ओसरीवर तुमच्या भावानं पुन्हा विचारलं, "मग पोरीवाल्यांना काय सांगू?"

"न्हाई म्हणून सांगा. पेट्यांना हिच्यासारखा हात मी कुठून आणू?"

एवढंच. दुसरी आली नाही. मला मूलही झालं नाही. पण पुढं कितीतरी वर्षं एखादी पेटी उठून गेली की मी उरलेल्या पेट्या पुन्हा पुन्हा उघडून बघायची. वाटायचं, आता आत्याबाईंचं मन फिरणार. तुम्ही मला मायेनं ठेवलंत की कामाची म्हणून, हे विचारायचा धीर झाला नाही. शेवटच्या दुखण्यात तुमचे पाय चेपतानाही नाही.

हा कागद कुठं पोचायचा नाही, म्हणूनच लिहिते. तुमच्यामागं मी एकही राणी मारली नाही. विरळ अंड्यांच्याही राहू दिल्या. दोन उन्हाळ्यांत साऱ्या पेट्या रिकाम्या झाल्या. पार साखऱ्या गावापासून लोक अजून तुमच्या वाणाची राणी मागायला येतात. मी झाडांच्या ढोलीतून धरून आणलेल्या माश्या पेटीत भरते, त्यातलीच एक देते अन् म्हणते, "व्हय, आत्याबाईंचीच हाय."