पानाला कुत्रा शिवला

आई, आज सकाळी अंगणात तुझं पान मांडलं आणि आमच्या कुत्र्यानं ते क्षणात चाटूनपुसून साफ केलं. सून म्हणाली, "आजीचं पोट भरलं." मी मान हलवली आणि आत येऊन हा कागद घेतला. तुला अक्षर येत नव्हतं, तरी लिहिते. तोंडानं सांगायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले, आणि आता तुला जाऊनही पन्नासच्या वर वर्षं झाली.

बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावातल्या आपल्या घरात माणसं तीन आणि कुत्री दोन, पण राज्य कुत्र्यांचं. रेन म्हातारी होत आलेली, आणि मुस्तास तिचं जगलेलं एकुलतं पिल्लू. नाकाखाली मिशीसारखा काळा पट्टा होता म्हणून ते नाव. रेन नाकानं टोपावरचं झाकण सरकवून खारा मासा पळवायची, मुस्तास दोरीवरची तुझी साडी ओढून चिखलात लोळायचा. मामा आला की त्याची एक चप्पल भोपळ्याच्या वेलाखाली पुरलेली सापडायची, एकच, कधी जोडी नाही. तू पळी घेऊन मागं धावतेस, "सोर्ती! नीघ भाईर! ह्यो कुत्रा नाय, मागल्या जल्माची सासू हाय माजी!" आणि घटकाभरानं टोपाची खरवड त्याच्याच पुढं टाकतेस. ते दिवस चांगले होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग रेननं सरदाराच्या कोंबड्या मारल्या. उसाच्या शेतावर बाच्या टोळीला कामं वाटून देणारा तो सरदार. बा संध्याकाळी पाय न धुता घरात आला. "कुत्री राह्यली तर उद्यापास्नं ट्रावाय नाय, काम बंद, असं बोलला," एवढंच म्हणाला आणि गोणी काढली. रेनला रिकाम्या गोणीत शिरायची खोडच होती. तिला खेळ वाटला, ती आपण होऊन आत गेली. बा सायकलला गोणी बांधून नदीकडे गेला आणि परतल्यावर गोणी पिळून कुंपणावर वाळत घातली. मी अकरा वर्षांची होते. म्हणाले, "बा, तू मरशील तवा मी रडणार नाय." तू माझ्या थोबाडीत दिलीस. बा भात कालवत राहिला. पण त्यानं जेवण अर्धं टाकलं हे मी पाहिलं होतं, आणि तरी मला त्याची दया आली नाही.

पुढच्याच तोडणीत त्याच्या पायाला कोयता लागला, धनुर्वात झाला, आठ दिवसांत सगळं संपलं. बोलल्याप्रमाणे मी रडले नाही.

वर्ष सरलं आणि पितरांच्या पंधरवड्यात त्याचं पहिलं पान आलं. तिकडं मूळ देशात म्हणे पानाला कावळा शिवतो. नाही शिवला तर गेलेल्याची काही इच्छा अडकलीय असं समजायचं, आणि घरच्यांनी एकेक वचन देत राहायचं. मनातलं वचन निघालं की कावळा येतो. आपल्या गावात कावळे नव्हते. रत्नागिरीकडून आलेल्या पणजोबानं ठरवून टाकलं की आपल्या घरात घरचा कुत्रा शिवेल. तेव्हापासून एरवी लाथ खाणारं कुत्रं त्या एका दिवशी साऱ्या पितरांचं तोंड व्हायचं.

आई, त्या दिवशी पहाटे मी मुस्तासला गोठ्यामागं नेलं आणि आदल्या रात्रीचा सगळा भात खाऊ घातला. वर लालमतीच्या दुकानातून आणलेला खारा मासासुद्धा. तो मासा मांजरानं नेला असं मी तुला सांगितलं होतं. बाचं पान पडून राहावं, तो उपाशी राहावा, एवढीच माझी इच्छा होती.

विधी करायला मामा रोझ हिल शहरातून आला होता, आणि आपल्याला न्यायलाही. तुझी छाती तेव्हाच कफानं भरून यायची. डॉक्टरनं ओलीत राहू नको म्हणून बजावलं होतं. मामाकडे सिमेंटची जमीन होती, नळ होता, हॉस्पिटल पायी जाण्यासारखं होतं. तू पेटीसुद्धा भरली होतीस. फक्त मामा म्हणाला होता, "कुत्रा मात्र नाय. घरमालक ठिवू देत नाय."

पान मांडलं. मुस्तासनं हुंगलं आणि उन्हात जाऊन आडवा झाला. तू हात जोडलेस. "गाय इकणार नाय." मुस्तासनं कान खाजवला. "पोरीला शाळंतनं काडणार नाय." तो हलला नाही. "तुजी सायकल कुनाला देनार नाय." तू जोडलेले हात कपाळाला लावलेस. मला वाटलं, आता सांगून टाकावं. मग तू घराकडे वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "तुज्या हातानं बांदलंस ह्ये घर. ह्ये सोडू नको म्हंतोस? नाय सोडत मी."

आणि मी तुझ्या पाठीमागून जीभ टाळूला लावून हळूच आवाज केला, त्याला बोलवायचा तो. मुस्तास उठला, माझ्याकडे बघत आला, आणि मी पानाकडे बोट केलं तसा त्यानं वरणभाताला तोंड लावलं. मला तो माझ्याजवळ हवा होता, दुसरं काही नाही. तू जमिनीवर डोकं टेकून रडलीस. मामा संध्याकाळच्या बसनं एकटा परत गेला.

त्या दिवसापासून तू मुस्तासवर पळी उगारली नाहीस. पहिली रोटी त्याची. त्यानं देवाची फुलं खाल्ली तरी तू म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे बाय, त्याच्या तोंडानं तुजा बा बोलला." मोठ्या सिक्लोनच्या वादळात घर भुईसपाट झालं. सरकारची काँक्रीटची घरं मिळत होती, मामा पुन्हा न्यायला आला. तू वाकलेले पत्रे ठोकून सरळ केलेस आणि त्याच जागी पुन्हा उभी राहिलीस. पत्र्यातून पाणी गळायचं, चुलीचा धूर आतच कोंडायचा, आणि तुझा खोकला माझ्या लग्नात पाहुण्यांनाही ऐकू आला. मुस्तास म्हातारा होऊन गेला. बेटावरचा इंग्रजांचा झेंडा उतरला त्याच्या आदल्या हिवाळ्यात तू गेलीस. शेवटी विचारलंस, "सबूद पाळला ना मी?" मी म्हणाले, "पाळलास." त्या क्षणीही मी खरं सांगितलं नाही. तू सुखानं डोळे मिटावेस म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर मी घाबरले होते.

हे पत्र तांदळाच्या डब्याखाली राहील, आणखी कुठं टाकणार? सून म्हणते, आजी किती प्रेमळ, दरवर्षी पान मांडल्याबरोबर येते. तिला ठाऊक नाही. आदल्या दुपारपासून मी कुत्र्याला उपाशी बांधून ठेवते. तो पानापुढं थांबला तर मला तुला सगळं तोंडानं सांगावं लागेल.