विहीणबाईंशी पहिलं बोलणं

बेलव्ह्यू, रविवार संध्याकाळ

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या भाषेच्या कोर्सला नाव नोंदवलं. दोन महिने तिथल्या एका घरात राहून इंडोनेशियन शिकायचं, इंग्रजी बंद. मुग्धा हसली. "बाबा, तुम्ही मराठीतसुद्धा चार वाक्यं बोलत नाही!" लेकीचं खरं आहे. आम्हा नवरा-बायकोच्या वाटचं सुनंदाच बोलायची. तिला जाऊन आता वर्ष होईल.

मग मुग्धाच्या सासूबाईंचा तिकडून व्हिडिओ कॉल आला. त्यांना फक्त इंडोनेशियन येतं. "जेवलात का?" त्यांनी विचारलं. सुनंदाचाही हाच ठरलेला प्रश्न. जावई भाषांतर करायच्या आत मीच पुस्तकावरून शिकलेल्या मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये म्हणालो, "जेवलो. वरणभात. मीच केला." आणि उलट विचारलं, "तुम्ही जेवलात का?" असं मी आधी कधी कुणाला विचारलं होतं? आठवत नाही.

त्या बराच वेळ बोलल्या. निम्मं कळलं. उरलेल्यासाठी तर जातोय.